ऑर्डर-साठा-बिल प्रणाली: जनरेटरवर बॅकएंड बांधताना ठेवलेल्या नोंदी

३ जून

आज ठरलं. जुनी डेस्कटॉप प्रणाली आणि तिच्याभोवती वर्षानुवर्षं साचलेल्या एक्सेल फायली काढायच्या, त्या जागी वेब ॲप. ऑर्डर घेणं, गोदामातला साठा, माल पाठवणं, बिल, खतावणी. डेटाबेस पोस्टग्रेस, टेबलं ४६. माणसं चार, मुदत सहा आठवडे.

वाद एकाच गोष्टीवर झाला: बॅकएंड (सर्व्हरवर चालणारा, पडद्यामागचा भाग) हाताने लिहायचा की जनरेटरकडून, म्हणजे कोड आपोआप लिहून देणाऱ्या साधनाकडून, काढून घ्यायचा. जनरेटरच्या ढोबळ दोन जाती आहेत. पहिली चालता चालता डेटाबेसचा स्कीमा (टेबलं आणि रकान्यांचा आराखडा) वाचते आणि थेट एपीआय (पडद्याने सर्व्हरशी बोलायचा मार्ग) उभा करते. पोस्टग्रेस्ट, हासुरा या जातीतले. तिथे कोड म्हणून हातात काही येतच नाही. दुसरी जात स्कीमावरून किंवा वर्णनाच्या फाइलवरून खरोखरच्या फायली लिहून देते. रेल्सचं स्कॅफोल्ड, जेहिप्स्टर, ओपनएपीआय जनरेटर ही मंडळी. आम्ही दुसऱ्या जातीतलं एक साधन घेतलं, कारण अडलं तर फाइल उघडून बघता तरी येईल.

मी विरोधात होतो. नोंदवून ठेवतो, म्हणजे पुढे मत बदललं तर ते इथे दिसेल.

४ जून

कमांड चालवली. एक मिनिटही लागलं नाही. ४६ टेबलांचे प्रत्येकी पाच एंडपॉइंट, म्हणजे एपीआयची दारं (यादी, एक नोंद, नवी, बदल, काढून टाका), एकूण २३०. सुमारे ३८ हजार ओळी. दुपारी डेमो दिला तर वरचे साहेब खूश. ‘म्हणजे अर्धं काम झालंच की!’ आम्ही कोणी काही बोललो नाही. बोलायला हवं होतं.

५ जून

दिवसभर नुसता निघालेला कोड वाचला. प्रामाणिकपणे सांगायचं तर, चौघांनी मिळून लिहिला असता तर इतका एकसारखा निघाला नसता. तारखा सगळीकडे एकाच रूपात. चूक झाल्याचा संदेश सगळीकडे एकाच साच्यात. यादीची पानं पाडणं, गाळणं, क्रम लावणं सगळीकडे सारखं. एपीआयचं दस्तऐवजीकरण आपोआप, आणि मुख्य म्हणजे खरं. हाताने लिहिलेलं दस्तऐवजीकरण तिसऱ्या आठवड्यात खोटं बोलायला लागतं, हा आमचाच अनुभव.

१० जून

मास्टर, म्हणजे मूळ माहितीची टेबलं, संपली. ग्राहक, पुरवठादार, वस्तू, एकक, कराचे दर, गोदामं, वापरकर्ते, पत्ते, असे २९ टेबलांचे पडदे तीन दिवसांत उभे. इथे मुळात वेगळं लिहिण्यासारखं काही नसतंच. नाव भरा, जतन करा, चुकलं तर दुरुस्त करा. हे हाताने लिहिणं म्हणजे निव्वळ हमाली.

उरली १७ टेबलं.

१२ जून

हिशेब सांभाळणाऱ्या मॅडमना आज पहिल्यांदा पडद्यासमोर बसवलं. त्यांनी एक ऑर्डर घातली, बिल काढलं, ते ग्राहकाला पाठवलं असं गृहीत धरलं. मग तेच बिल परत उघडलं, संख्या १० ची ४ केली आणि ‘जतन करा’ दाबलं. हिरवी पट्टी आली: नोंद यशस्वीरीत्या अद्ययावत झाली.

त्या काही क्षण पडद्याकडे बघत राहिल्या. ‘हे बिल ग्राहकाच्या हातात गेलंय ना? मग आपल्याकडचं बदललं कसं?’

मी म्हटलं, ‘मॅडम, बदलाचा इतिहास ठेवू आपण.’

‘इतिहास नको. बदलच नको. खतावणीत खाडाखोड करत नाहीत. चुकलं तर उलट नोंद घालायची. तुम्ही मला खोडरबर दिलाय, तो आधी काढून घ्या.’

मग त्यांनी खतावणीची नोंद उघडली. तिच्यासमोरही कचऱ्याच्या डब्याचं चित्र होतं. मी तो पडदा त्यांनी दाबायच्या आत बंद केला.

बिलाच्या टेबलात ‘स्थिती’ नावाचा रकाना आहे: मसुदा, पक्कं, रद्द. जनरेटरच्या लेखी तो इतर रकान्यांसारखाच एक रकाना, तीन किमती चालणारा. मसुद्यातून पक्कं होता येतं, पक्क्यातून रद्द होता येतं, पण रद्दमधून परत मसुद्यात येता येत नाही, हे स्कीमात कुठे लिहिलेलंच नाही. आणि पक्कं होणं म्हणजे एका रकान्याची किंमत बदलणं नव्हे. त्यासोबत साठा कमी होतो, खतावणीत जमा-नावे पडतं, बिलाला क्रमांक मिळतो, उधारीची शिल्लक हलते. आमचा एपीआय मात्र एक पॅच विनंती (नोंदीतला एखादा रकाना बदलण्याची) आली की ‘रद्द’चं ‘मसुदा’ करून देत होता, आणि बाकी कशालाही धक्का लागत नव्हता.

१४ जून

टेस्टिंग करणाऱ्या सहकारिणीने आज मजा केली. ग्राहकाचा फोन नंबर बदलण्याच्या विनंतीत तिने हाताने आणखी एक ओळ घातली: उधारीची मर्यादा, एकापुढे सात शून्यं. पडद्यावर ते खानं दिसतच नाही. सर्व्हरने मुकाट्याने लिहून घेतलं.

हा रोग जुना आहे. २०१२ च्या मार्चमध्ये एका प्रोग्रामरने गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर हेच करून दाखवलं होतं: ‘पब्लिक की’ (ओळख पटवणारी डिजिटल किल्ली) जोडण्याच्या फॉर्ममधून दुसऱ्याच वापरकर्त्याचा आयडी पाठवला आणि खुद्द रेल्सच्या रिपॉझिटरीत (कोडच्या साठ्यात) लिहिण्याचा अधिकार मिळवला. त्यानंतर २०१३ च्या रेल्स ४ मध्ये कोणते रकाने बाहेरून स्वीकारायचे ते नावानिशी सांगणं भाग पडलं. ओवॅस्प या सॉफ्टवेअर सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेच्या २०१९ च्या, एपीआयच्या धोक्यांच्या यादीत हा दोष सहाव्या क्रमांकावर स्वतंत्र होता. २०२३ च्या यादीत तो आणि ‘गरजेपेक्षा जास्त डेटा बाहेर देणं’ एकत्र करून तिसऱ्या क्रमांकावर ठेवलेत.

तो जोडीदारही आमच्याकडे हजर निघाला. वस्तूंच्या यादीच्या उत्तरात खरेदीचा भाव होता. पडदा तो दाखवत नव्हता, पण ब्राउझरचा नेटवर्क टॅब उघडणाऱ्या कुठल्याही विक्री प्रतिनिधीला दिसला असता.

दुरुस्ती मात्र सोपी निघाली, आणि इथे जनरेटरला गुण द्यावे लागतील. साच्यात (ज्या नमुन्यावरून जनरेटर फायली लिहितो त्यात) एक बदल केला: स्वीकारायचे रकाने आणि दाखवायचे रकाने भूमिकेनुसार जाहीर केल्याशिवाय एंडपॉइंट निघणारच नाही. परत चालवलं, ४६ टेबलांवर एकाच फटक्यात लागू. हाताने लिहिलेल्या कोडमध्ये ४६ ठिकाणी शोधत बसलो असतो आणि ४३ वर दमलो असतो.

१७ जून

फळ्यावर बसून १७ टेबलांचा निकाल लावला. प्रत्येकासाठी विचारलं: इथे लोक काय करतात? ‘बदल करतात’ असं उत्तर एकदाही आलं नाही. ऑर्डर पक्की करतात. माल राखून ठेवतात. उचलतात. पाठवतात. बिल काढतात, रद्द करतात. पैसे जमा करून घेतात, ते बिलांवर वळते करतात. अशी २३ कामं निघाली. व्याकरणात सांगायचं तर जनरेटरला नामं कळतात, क्रियापदं कळत नाहीत. त्याच्याकडे क्रियापदं चारच, घाला-वाचा-बदला-काढा. आणि नामं सगळी स्कीमात असतात. क्रियापदं मॅडमच्या डोक्यात आणि गोदामातल्या सुपरवायझरच्या वहीत.

ठरलं ते असं: १७ टेबलांवरचे नवी-बदल-काढा हे ५१ एंडपॉइंट बंद. वाचायचे ३४ राहतील. लिहायचं सगळं त्या २३ कामांतून, आणि ती हाताने.

१९ जून

साठा. आजचा अख्खा दिवस एका ओळीसाठी गेला.

एका वस्तूचे १२ नग शिल्लक. दोन ऑर्डरी एकाच वेळी आल्या, एक ८ ची, दुसरी ७ ची. दोघींनी साठा वाचला, दोघींना १२ दिसले, दोघींनी ‘पुरेसा आहे’ म्हटलं. पहिलीने ४ लिहिले, दुसरीने ५. शेवटी डेटाबेस म्हणतो ५ शिल्लक, आणि आपण १५ नग कबूल करून बसलोय. निघालेल्या कोडमध्ये ‘वाचा, मेमरीत बदला, परत लिहा’ हाच क्रम आहे. पोस्टग्रेसची मूळ आयसोलेशन पातळी (एकाच वेळी चालणारी कामं एकमेकांपासून किती वेगळी ठेवायची ते) रीड कमिटेड, तिथे असल्या लिखाणाला कोणी अडवत नाही. दोन टर्मिनल शेजारी शेजारी उघडून मी ते सगळ्यांना घडवून दाखवलं. लॉगमध्ये एकही एरर नाही, हे जास्त भीतीदायक.

उपाय म्हणून वजाबाकी डेटाबेसलाच सांगितली: शिल्लक मागणीइतकी किंवा जास्त असेल तरच मागणी वजा कर. किती ओळी बदलल्या ते बघायचं. शून्य आल्या तर ऑर्डर परत फिरवायची. आता दुसरी ऑर्डर पहिलीचं संपेपर्यंत थांबते आणि मग तिला ४ दिसतात.

त्यात नवं लचांड निघालं. ऑर्डरीत अनेक वस्तू असतात. एकीने आधी अ आणि मग ब धरला, दुसरीने आधी ब आणि मग अ, की दोघी एकमेकींची वाट बघत बसतात. पोस्टग्रेस एक सेकंदाने डेडलॉक ओळखून एकीला मारतो. तेव्हा वस्तू नेहमी आयडीच्या चढत्या क्रमानेच धरायच्या, असा नियम केला.

मास्टरांसाठी इतकं सोवळं नको होतं. तिथे आवृत्तीचा रकाना घातला. जुनी प्रत हातात धरून बदल पाठवला तर ४१२, म्हणजे ‘अट जुळत नाही’ असं उत्तर परत. हेही साच्यात बसलं.

२० जून

बिलाचा क्रमांक. जनरेटरने सीक्वेन्स (डेटाबेसची आपोआप पुढचा आकडा देणारी सोय) लावला होता. पण ट्रान्झॅक्शन रोलबॅक झालं (काम मध्येच फसून सगळे बदल मागे घेतले गेले) तरी सीक्वेन्स मागे येत नाही, तो घेतलेला आकडा वाया जातो. चाचणीत १०४ नंतर थेट १०७. मॅडमचा प्रश्न अपेक्षितच: ‘१०५ आणि १०६ कुठे गेले? तपासणीला आलेला माणूस मला विचारणार, सीक्वेन्सला नाही.’

मग क्रमांकाचं छोटं टेबल केलं, त्यातली ओळ लॉक करून आकडा त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये घ्यायचा. किंमत अशी की बिलं एकामागून एकच पक्की होतात. आमच्या कामाच्या वेगाला चालतं. मसुद्याला क्रमांक द्यायचाच नाही, पक्कं होतानाच द्यायचा.

२४ जून

वाईट दिवस. एका टेबलात एक रकाना वाढवला, जनरेटर परत चालवला, आणि सहा फायलींतलं आमचं हाताने लिहिलेलं सगळं साफ. चूक आमचीच. ‘एवढंच तर आहे’ म्हणत निघालेल्या फायलींतच हात घातला होता. गिटमध्ये (कोडच्या जुन्या प्रती जपणाऱ्या साधनात) होतं म्हणून वाचलो, पण परत ओवायला दुपार गेली.

खरी परीक्षा जनरेटर पहिल्यांदा चालवताना होत नाही. ती दुसऱ्यांदा, दहाव्यांदा चालवताना होते. पहिल्या दिवशीचा वेग सगळेच दाखवतात.

यावरचं उत्तरही जुनंच आहे: निघालेला वर्ग वेगळा, त्याच्यावरून वारसा घेणारा हाताने लिहिलेला वर्ग वेगळा. सी शार्पने याच भानगडीसाठी २००५ मध्ये भाषेतच पार्शल क्लास आणला, एकाच वर्गाचे दोन तुकडे दोन फायलींत. आम्ही दोन फोल्डर केले. निघालेल्या फोल्डरला कोणी हात लावायचा नाही. आणि नुसत्या सांगण्यावर विसंबायला नको म्हणून प्रत्येक मर्जआधी (बदल मुख्य कोडमध्ये मिसळण्याआधी) सीआय, म्हणजे आपोआप तपासणारी यंत्रणा, जनरेटर स्वतः चालवून बघतं, एका ओळीचा जरी फरक आला तरी मर्ज अडतो.

२५ जून

कालच्यापेक्षा मोठा अपघात टळला. स्कीमाच्या फाइलीत ‘पत्ता’ या रकान्याचं नाव ‘बिलाचा_पत्ता’ केलं. जनरेटरने काढलेलं मायग्रेशन (डेटाबेसची रचना बदलणाऱ्या सूचना) दोन ओळींचं: ‘पत्ता’ रकाना काढा, ‘बिलाचा_पत्ता’ रकाना घाला. त्याच्या दृष्टीने बरोबरच, आधीच्या आणि नंतरच्या चित्रातला फरक तेवढाच. नाव बदललंय हे त्याला कोण सांगणार? चाचणीच्या प्रतीवर चालवलं आणि सगळ्या ग्राहकांचे पत्ते कोरे.

यापुढे मायग्रेशन काढून घ्यायचं जनरेटरकडून, पण दोघांनी वाचल्याशिवाय चालवायचं नाही. रकाना काढणारी ओळ दिसली की तीच सांगते, थांबा.

१ जुलै

ऑर्डरींची यादी उघडायला वेळ लागतोय म्हणून क्वेरी (डेटाबेसला केलेल्या विचारणा) मोजल्या. ५० ऑर्डरींच्या एका पानाला १०१ क्वेरी. एक यादीची, ५० ग्राहकांच्या नावांसाठी, ५० ऑर्डरींतल्या वस्तूंसाठी. जोडून आणल्या तर तीनात भागतं, भागलं. महिनाअखेरचे अहवाल सरळ एसक्यूएलमध्ये हाताने लिहिले. त्यावर फार चर्चा झाली नाही.

३ जुलै

तरुण सहकाऱ्याचं म्हणणं, २३ कामं हाताने का लिहायची, भाषा मॉडेलला सांगू. बरं, बघू म्हटलं. ‘बिल रद्द करा’ हे काम सविस्तर वर्णन करून दिलं. निघालेलं पहिलं रूप खरोखर चांगलं होतं. उलट नोंद होती, साठा परत जमा होत होता, चाचण्याही लिहिल्या होत्या. जनरेटर हे जन्मात करू शकला नसता.

मग मॅडमनी बिल आणि त्याची उलट नोंद शेजारी ठेवून बेरीज केली. ०.०१ चा फरक.

बिल काढताना आम्ही कराची रक्कम ओळीगणिक दोन दशांशांवर आणतो. समजा तीन ओळी, प्रत्येकीचा कर ०.३३५. ओळीगणिक वर उचलला तर ०.३४ तीनदा, म्हणजे १.०२. मॉडेलने रद्द करताना आधी बेरीज केली, १.००५, आणि ती मग उचलली: १.०१. दोन्ही पद्धती जगात चालतात, पण एका प्रणालीत एकच चालते. वर आणखी एक गंमत: १.००५ हा आकडा डबल प्रकारच्या (दशांश अंदाजे ठेवणाऱ्या) रकान्यात ठेवला तर आत तो १.००४९९९… असाच बसतो, आणि दोन दशांशांवर त्याचे १.०० होतात. म्हणजे एकाच कराची तीन उत्तरं. आमच्या टेबलांत न्यूमेरिक (दशांश अचूक ठेवणारा प्रकार) होतं म्हणून तिसरं उत्तर टळलं.

वर्णनात आम्ही ओळीगणिकचा नियम लिहिला नव्हता, कारण आमच्यासाठी तो इतका उघड होता की लिहावासा वाटलाच नाही.

मला जाणवलेला फरक असा. जनरेटर चुकला तर ४६ ठिकाणी सारखाच चुकतो. एक सापडली की सगळ्या सापडल्या, साचा दुरुस्त केला की संपलं. मॉडेल फाइलीगणिक वेगळं लिहितं, तेव्हा फाइलीगणिक वाचावंच लागतं. जनरेटरच्या ३८ हजार ओळी आम्ही सगळ्या वाचल्या नाहीत, साचा वाचला, ८०० ओळींचा. मॉडेलच्या कोडला साचा नाही. मॉडेलने चार तासांचं लिखाण वाचवलं खरं, त्यातले तीन तपासण्यात गेले. तरी एक तास उरला, हेही मान्य. पुढच्या कामांना ते वापरायचं ठरलं, पण चाचण्यांतले आकडे मॅडमकडून घ्यायचे. कोड आणि त्याची परीक्षा एकाच हातची नको.

८ जुलै

गोदामात नेट अडखळतं. सुपरवायझरने ‘माल पाठवला’ दाबलं, काही हललं नाही, परत दाबलं. दोनदा साठा कमी. आता पडदा प्रत्येक दाबण्याआधी एक खूण तयार करतो. तीच खूण दुसऱ्यांदा आली तर सर्व्हर नवं काही करत नाही, पहिलंच उत्तर परत देतो. हे २३ कामांभोवतीचं वेष्टण म्हणून साच्यात घातलं. म्हणजे हाताने लिहिलेल्या कामांनाही लॉग, अधिकार-तपासणी आणि ही खूण जनरेटरकडूनच मिळते. सुरुवातीला जनरेटर काम करणार आणि आम्ही कडेकडेने ठाकठीक करणार असं चित्र होतं. झालं उलटं: काम आमचं, कडा त्याच्या.

१० जुलै

हिशेब मांडला. २३० पैकी ५१ बंद, १७९ जसेच्या तसे चालू. त्यात हाताची २३ कामं, एकूण २०२ एंडपॉइंट. हाताच्या ओळी सुमारे ४,१००. त्या १७९ ना, मास्टर आणि साच्यातले बदल धरून, एक आठवडा आणि थोडं. २३ ना उरलेला सगळा वेळ, अजून चालूच.

साहेबांनी विचारलं, ‘मग ४ जूनला अर्धं काम झालं होतं ना?’ मी म्हटलं, एंडपॉइंट मोजले तर अर्ध्याहून जास्त झालं होतं. दिवस मोजले तर एक पंचमांशही नव्हतं.

३ जूनची नोंद वाचली. पुढच्या प्रकल्पात जनरेटर वापरू का असं कोणी विचारलं तर आता हो म्हणेन, फक्त पहिल्या आठवड्यात डेमो देणार नाही.

१५ जुलै

मॅडम परत पडद्यासमोर. पक्कं बिल उघडलं. संख्येचं खानं राखाडी, ‘जतन करा’ बटण नाहीच, फक्त ‘रद्द करा’, आणि तेही कारण लिहिल्याशिवाय उमटत नाही. त्यांनी दोनदा दाबून पाहिलं. मान हलवली.

मग म्हणाल्या, ‘आणि दहातले तीनच नग परत आले तर?’

आमच्याकडे अख्खं बिल रद्द होतं. तीन नग परत घेणं ४६ टेबलांत कुठेच नाही. तरुण सहकाऱ्याने लगेच लॅपटॉप ओढला, ‘परतावा’ नावाचं टेबल टाकायला. मी त्याला थांबवलं आणि मॅडमपुढे कोरा कागद सरकवला. त्यांनी बाण काढायला सुरुवात केली: माल दारात येतो, कोण बघतं, फुटका निघाला तर कुठल्या रकान्यात जातो, आधी घेतलेल्या पैशांचं काय होतं. पान पाठपोट भरलं. सुपरवायझरलाही बोलावून घ्या म्हणाल्या, फुटक्या मालाचं त्यांनाच नीट माहीत आहे. ते उद्या ११ वाजता येतायत.